हृदयातली जाळरेषा

उन्हाळा लागण्यापूर्वी सातपुड्याच्या जंगलात एक काम दरवर्षी होते. सागाचा पाला गळून जमिनीवर जाडसर थर बसला, की वनखात्याची माणसे आणि गावातले मजूर मिळून ठरावीक रुंदीचा पट्टा झाडून घेतात आणि तो स्वतःच्या हाताने, नजर ठेवून जाळतात. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. पुढे चैत्र-वैशाखात कुठे वणवा पेटला आणि तो वाऱ्याबरोबर धावत आला, तर जाळरेषेपाशी येऊन थांबतो. तिथे जळण्यासारखे काही उरलेलेच नसते. आगीला अडवायला आगच वापरायची, पण आधी, थोडी आणि आपल्या ठरवलेल्या जागी, एवढेच त्यातले तत्त्व.

२५ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जेम्स कॉक्स या शल्यविशारदाने माणसाच्या हृदयात याच तत्त्वावर एक शस्त्रक्रिया केली. हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचा जो अनियंत्रित वणवा पेटतो, त्याच्या वाटा व्रणांच्या रेषा आखून बंद करायच्या, अशी ती कल्पना होती. आज हाच उपचार झडपेच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच, तोही छाती मधोमध न उघडता बरगड्यांमधल्या लहानशा छेदातून करता येतो. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत त्याचे वर्णन असते. प्रश्न असा आहे, की अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या पस्तिशीतल्या बाईला या प्रगतीचा नेमका काय उपयोग? तिला हा उपचार लागू पडतो का, आणि पडला तर घरी परतल्यावर तिचे आयुष्य खरोखर सोपे होते का? या लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे.

घशापासून झडपेपर्यंत

नंदुरबारची निवड सहज केलेली नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि तीत दर दहांपैकी जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांची ही भूमी. तापीकाठची शहादा-नंदुरबारकडची सपाटी सुपीक आहे, तर उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा. पाड्यावरची घरे लहान, आणि एका खोलीत निजणारी माणसे पुष्कळ. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि तिथे शेताच्या कडेला झोपड्या घालून राहतात. ज्या आजाराची ही कथा आहे, तो अशाच दाटीवाटीत वाढतो.

आजाराची सुरुवात अगदी क्षुल्लक असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, गिळताना त्रास होतो, ताप येतो. कारण असते 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू. चार दिवसांत मूल बरे होते आणि घरचे विसरून जातात. परंतु काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, आज हा सांधा तर उद्या तो. हा संधिज्वर, म्हणजेच ऱ्हुमॅटिक फीव्हर. जीवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये हृदयातल्या ऊतींनाही शत्रू समजतात, कारण दोघांच्या रेणूंची ठेवण काही अंशी सारखी असते. सांधे काही दिवसांत निवळतात, झडपा मात्र निवळत नाहीत. हा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असे वैद्यकात जुन्या काळापासून म्हटले जाते.

चावा बहुतेक वेळा मायट्रल झडपेला बसतो. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त आधी डाव्या कर्णिकेत उतरते आणि या झडपेतून खालच्या जवनिकेत जाते. झडपेला दोन पाळ्या असतात. निरोगी माणसात तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. पुन्हा पुन्हा सूज येऊन या पाळ्या जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, त्यांना बांधणाऱ्या दोऱ्या आखडतात. तोंड दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान झाले, की आजार तीव्र समजतात. काही रुग्णांत झडप नीट उघडत नाही, काहींत नीट मिटत नाही, आणि कित्येकांत दोन्ही.

हे व्हायला वर्षे लागतात. म्हणून शाळेतल्या दुखऱ्या घशाची किंमत तिशीत चुकवावी लागते. झडप अरुंद होण्याचा हा विकार स्त्रियांत अधिक दिसतो, आणि पुष्कळदा तो उघडकीला येतो गरोदरपणात. त्या काळात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते आणि अरुंद दारातून ते पुढे सरकेनासे होते. बाईला धाप लागते, रात्री उशाला दोन-तीन गोधड्या घेतल्याशिवाय झोपता येत नाही. घरात त्याला अशक्तपणा म्हणतात. पोषणाचा अभाव आणि सिकलसेलचा आजार ज्या जिल्ह्यात मुळातच आहेत, तिथे हा समज लवकर पुसला जात नाही.

जगात या हृदयविकाराचे चार कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आहे. २०१५ सालासाठी केलेल्या जागतिक गणनेत एकट्या भारतातले मृत्यू एक लाखाच्या वर धरले होते. श्रीमंत देशांतून हा आजार घरे मोठी झाल्यावर आणि पेनिसिलीन सहज मिळू लागल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे तो राहिला.

कर्णिकेतला वणवा

दार अरुंद झाले, की मागे गर्दी साचते. डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते, तिच्यावरचा दाब वाढतो आणि ती फुगत जाते. एरवी जिचा व्यास चार सेंटिमीटरच्या आत असतो, ती कर्णिका सहा-सात सेंटिमीटरपर्यंतही जाते. ताणलेल्या भिंतीतले स्नायू विरळ होतात, मधेमधे तंतूंचे व्रण तयार होतात. वणव्याला लागणारे रान असे तयार होते.

निरोगी हृदयात विजेची लहर उजव्या कर्णिकेच्या माथ्यावरच्या एका गाठीतून निघते, दोन्ही कर्णिकांवर पसरते, मधल्या दुसऱ्या गाठीतून खाली उतरते आणि जवनिका आकुंचन पावतात. मिनिटाला साठ ते शंभर वेळा, दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे बिनबोभाट घडते. फुगलेल्या, व्रण पडलेल्या कर्णिकेत मात्र लहर सरळ जात नाही. ती फुटते, वळसा घेते, मागे फिरून स्वतःच्याच शेपटीला गाठते आणि गोल गोल फिरत राहते. अशा अनेक लहरी एकाच वेळी फिरू लागल्या, की कर्णिका मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसती थरथरते. याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मधली गाठ त्यांतल्या काहीच लहरी खाली सोडते, पण त्यांना कसलाही क्रम नसतो. अशा रुग्णाच्या मनगटावर दोन बोटे ठेवली, तर नाडी जलद तर लागतेच, शिवाय दोन ठोक्यांमधले अंतर कधीच सारखे येत नाही. हा संशय घ्यायला यंत्र लागत नाही. एक मिनिट आणि दोन बोटे पुरतात. विल्लेम आइन्टहोवेन यांनी या गडबडीचा विद्युत् आलेख १९०६ मध्ये छापला, पण बोटांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

तोटे तीन. पहिला असा, की कर्णिकेचा शेवटचा ढकला नाहीसा होतो, आणि झडप अरुंद असताना जवनिका भरायला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते. दुसरा, ठोके जलद पडल्याने दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी होतो, रक्त फुप्फुसांत मागे साचते आणि जी बाई काल पाणी भरत होती ती आज बसल्या जागी धापते. तिसरा तोटा सर्वांत भयंकर. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त हलत नाही आणि न हललेले रक्त गोठते. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक आंधळी पिशवी जोडलेली असते. गुठळी बहुधा तिथेच तयार होते. ती सुटून मेंदूत गेली, तर पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घ पाहणीत १९७८ साली असे दिसले, की झडपेचा आजार नसताना या थरकापाने पक्षाघाताचा धोका पाचपटींहून अधिक वाढतो, आणि संधिज्वराने झडप बिघडलेली असताना सतरापटींहून अधिक. पस्तिशीतल्या बाईचा उजवा हात आणि वाचा एका सकाळी जाते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. घरात तिची लहान मुले असतात आणि घर तिच्याच मजुरीवर चाललेले असते.

भूलभुलैया

झडपेची दुरुस्ती हा या साखळीवरचा उघड उपाय, आणि त्याचा इतिहास जुना आहे. १९२३ मध्ये बोस्टनला एलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या मायट्रल झडपेवर शस्त्रक्रिया केली. १९२५ मध्ये लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी त्या आंधळ्या पिशवीला भोक पाडून त्यातून आपले बोट आत घातले आणि चिकटलेल्या पाळ्या मोकळ्या केल्या. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी ही वाट पक्की केली. हृदय धडधडत असताना, यंत्राच्या मदतीविना, डाव्या बरगड्यांमधून हे होत असे. वेल्लोरला आणि मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात पन्नाशीच्या दशकात ही शस्त्रक्रिया रुजली. ज्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये के. ई. एम.मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले, ते डॉ. प्रफुल्लकुमार सेन याच पिढीचे. पुढे हृदय-फुप्फुस यंत्र आले, १९६० पासून कृत्रिम झडपा आल्या, आणि ऐंशीच्या दशकात जपानच्या कांजी इनोऊ यांनी मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची रीत दिली. झडप लवचीक असेल, फार गळत नसेल आणि कर्णिकेत गुठळी नसेल, तर आजही पहिला उपाय फुग्याचाच. चुन्याने कडक झालेली, गळणारी किंवा मागे गुठळी बाळगणारी झडप असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

परंतु झडप सुधारली म्हणून वणवा विझतोच असे नाही. वर्षानुवर्षे ताणलेली कर्णिका दार मोकळे झाल्यावरही थरथरत राहते. इथे कॉक्स यांची कल्पना उपयोगी पडते. त्यांचा विचार असा होता : गोल फिरणाऱ्या लहरीला फिरायला मोकळी जागा लागते. कर्णिकेच्या भिंतीत ठरावीक रेषांवर छेद देऊन ते पुन्हा शिवले, तर तिथे व्रण तयार होतील. व्रणातून वीज जात नाही. रेषा अशा आखायच्या, की कुठेही गोल फिरण्याएवढी सलग जागा उरू नये, पण वरच्या गाठीतून निघालेली लहर वळणावळणाने, आंधळ्या गल्ल्यांमध्येही डोकावत, खालच्या गाठीपर्यंत पोहोचावी. भूलभुलैयासारखा हा नकाशा, म्हणून शस्त्रक्रियेला नावही 'मेझ' पडले. धुळे-साक्रीकडे पांझरेच्या पाण्यावर फड पद्धतीचे पाट ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे चटकन समजेल. बांध घालून पाणी सैरावैरा वाहू द्यायचे नाही, पण प्रत्येक वाफा मात्र भिजला पाहिजे.

मूळ शस्त्रक्रिया कापण्या-शिवण्याची होती. ती लांबणारी, रक्तस्रावाची आणि अवघड म्हणून फार थोड्यांच्या हाती राहिली. दोन गोष्टींनी चित्र बदलले. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वणव्याची ठिणगी पुष्कळदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. म्हणून त्या तोंडांभोवतीची रेषा सर्वांत महत्त्वाची ठरली. दुसरी गोष्ट साधनांची. सुरीऐवजी रेडिओलहरींची उष्णता किंवा उणे साठ अंशांच्याही खाली गेलेली थंडी वापरून तोच व्रण तयार करता येऊ लागला. २००२ पासून सेंट लुईसलाच राल्फ डॅमियानो यांनी कॉक्स यांच्या नकाशाची ही चौथी आवृत्ती रूढ केली. तासाभराची शिवण मिनिटांवर आली. आपली जाळरेषा म्हणतात ती हीच. कधी ती जाळून करतात, कधी गोठवून.

लहान वाट, मोठे काम

आता दुसरा धागा. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छातीचे मधले हाड उभे कापण्याची रूढ पद्धत आहे. ती सुरक्षित आहे, सगळे हृदय समोर दिसते. पण हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि दोन-तीन महिने ओझे उचलायचे नसते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून मायट्रल झडपेसाठी वेगळी वाट तयार झाली. उजव्या स्तनाखाली, चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीतून पाच ते सात सेंटिमीटरचा छेद, त्याशेजारी दुर्बिणीसाठी लहान भोक आणि लांब दांड्यांची हत्यारे. हृदय-फुप्फुस यंत्र छातीत न जोडता जांघेतल्या शिरा-धमन्यांना जोडतात. उजव्या बाजूने गेले, की डाव्या कर्णिकेची मागची भिंत आणि मायट्रल झडप समोरासमोर येतात.

दोन्ही उपचार एकत्र करताना क्रम साधारण असा असतो. यंत्र सुरू करून हृदय थांबवतात. डावी कर्णिका उघडतात आणि गुठळी असेल तर ती अलगद काढून घेतात. मग रेषा आखायच्या. लहान छेदातून काम करताना अनेक शल्यविशारद थंडीचा दांडा पसंत करतात, कारण तो बारीक असतो, हवा तसा वाकतो आणि भिंतीला टेकवून दोन-तीन मिनिटे धरला की पुरते. फुप्फुस-शिरांच्या तोंडांभोवती वेढा, वेढ्यापासून झडपेच्या कड्यापर्यंत एक रेषा, आंधळ्या पिशवीपर्यंत दुसरी. रेषा भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरली पाहिजे आणि तीत फट राहता कामा नये. जाळरेषेत वावभर पाला राहिला तरी वणवा तिथून पलीकडे जातो, तसेच इथेही आहे. मग ती पिशवी आतून शिवून किंवा बाहेरून चिमटा लावून कायमची बंद करतात. शंभर वर्षांपूर्वी सूटर यांचे बोट ज्या दारातून आत शिरले, ते दार आज आपण मुद्दाम बुजवतो. त्यानंतर झडपेची दुरुस्ती किंवा बदल. उजव्या कर्णिकेतल्या रेषा गरजेनुसार. रेषांच्या कामाने शस्त्रक्रिया काही वेळ लांबते, एवढाच त्याचा वाढीव बोजा.

लहान छेदाचे फायदे आकडेवारीत फारसे ठळक नाहीत. दीर्घकालीन निकाल दोन्ही पद्धतींचे साधारण सारखेच. पण ज्या बाईला डोक्यावर हंडा आणि मोळी आणायची असते, जी तीन महिने घरात बसली तर घराची चूल अडते, तिच्यासाठी लवकर उभे राहणे ही चैनीची गोष्ट नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या छातीवरचा उभा व्रण लग्नाच्या बोलणीत आडवा येतो, हेही आपल्या समाजात खोटे नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. या वाटेने यंत्रावरचा वेळ वाढतो, हाताला सराव लागतो आणि दरवर्षी पुरेशा शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच तिचे निकाल चांगले येतात. जांघेतल्या धमन्या अरुंद असतील, उजव्या छातीत आधी क्षयरोगाने किंवा शस्त्रक्रियेने चिकटपणा झाला असेल, झडपेच्या कड्याला चुना बसला असेल किंवा महाधमनीची झडपही फार गळत असेल, तर मधली वाटच बरी. क्षयरोग ज्या भागात सर्रास आढळतो, तिथे ही अट कागदावरची राहत नाही.

पुरावा काय सांगतो

मायट्रल शस्त्रक्रियेच्या वेळीच रेषा आखल्या तर काय होते, याची नीट चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिका-कॅनडातले दीर्घकाळ थरकाप असलेले २६० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले होते. सहाव्या आणि बाराव्या महिन्यात थरकापापासून मुक्त होते रेषा आखलेल्यांपैकी ६३ टक्के आणि न आखलेल्यांपैकी २९ टक्के. मृत्यूत फरक नव्हता. मात्र रेषा आखलेल्या गटात कायमचा पेसमेकर बसवण्याची वेळ अडीचपटींहून अधिक वेळा आली. म्हणजे लाभ मोठा, पण फुकट नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वक्ष-शल्यविशारदांच्या संघटनेने मायट्रल शस्त्रक्रियेच्या वेळी हा उपचार करावा, अशी ठाम शिफारस केली.

पिशवी बंद करण्याबद्दलची मोठी चाचणी २०२१ ची. २७ देशांतल्या पावणेपाच हजारांहून थोड्या अधिक रुग्णांत, ज्यांची पिशवी बंद केली त्यांच्यात सुमारे पावणेचार वर्षांत पक्षाघात किंवा तशा गुठळ्या ४.८ टक्के, आणि न केलेल्यांत ७ टक्के. या रुग्णांचे सरासरी वय मात्र सत्तरीचे. आपल्या पाड्यावरच्या बाईच्या दुप्पट.

इथेच सावध व्हायला हवे. परदेशातल्या चाचण्यांतला रुग्ण म्हणजे बहुधा वयाने झिजलेल्या, गळणाऱ्या झडपेचा माणूस. संधिज्वराची कर्णिका वेगळी असते. तिच्या भिंतीवरच आजाराचे घाव असतात आणि रुग्ण उशिरा येतो. थरकाप जितका जुना आणि कर्णिका जितकी मोठी, तितके यश कमी. दहा वर्षे थरथरणाऱ्या सात सेंटिमीटरच्या कर्णिकेत रेषा आखून ताल परत येईल, असे वचन कुणी देऊ नये. ज्या रुग्णाचा थरकाप नवा आहे, त्याला मात्र ही संधी नाकारणेही चूक. सगळे रान पेटल्यावर जाळरेषेचा उपयोग होत नाही. ती वेळेवर काढावी लागते.

गोळी, भाजी आणि रक्ततपासणी

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण गावी जातो, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. झडप बदलायची झाली तर दोन प्रकार. प्राण्याच्या ऊतींची झडप रक्त पातळ करण्याच्या गोळीवाचून चालते, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. यांत्रिक झडप टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवलेली भारतीय झडप याच प्रकारची. तिने गरीब रुग्णांचा खर्च कितीतरी कमी केला. पण यांत्रिक झडपेवर गुठळी होते, म्हणून गोळी जन्मभर घ्यावी लागते.

ही गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा तिची बहीण असिट्रोम. हिचा उगम विचित्र आहे. १९२० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांनी त्यातले द्रव्य शोधले. त्यावरून तयार केलेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला आणि १९५४ पासून माणसांना वाचवायला वापरात आले. मात्रा थोडी चुकली तर एकीकडे गुठळी आणि दुसरीकडे रक्तस्राव. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्ताची आय. एन. आर. तपासणी लागते. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर तो आकडा अडीच ते साडेतीन यांच्या मध्ये राखायचा. व्हिटॅमिन 'के' या गोळीचे काम उलटवते आणि ते हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. पावसाळा आला, की डोंगरात रानभाज्या उगवतात आणि रोजच्या जेवणात येतात, उन्हाळ्यात त्या नसतात. जेवण बदलले की गोळीचा परिणाम बदलतो. नेमक्या त्याच दिवसांत ओढ्यांना पूर येऊन पाड्यांचे रस्ते तुटतात. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना जिथे तरंगता दवाखाना लागतो, जिथे रुग्णाला आजही झोळी करून खांद्यावरून आणावे लागते, तिथे दर महिन्याची रक्ततपासणी ही किती अवघड गोष्ट आहे, हे सांगायला नको. भाजी बंद करणे हा उपाय नव्हे. रोज साधारण सारखी खावी आणि ऋतू पालटला की तपासणी करावी, हे रुग्णाच्या बोलीत समजावून सांगितले पाहिजे. शिवाय गरोदरपणाच्या सुरुवातीला ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. तरुण बाईची झडप निवडताना हा प्रश्न आधी विचारात घ्यावा लागतो.

नव्या, तपासणीविना चालणाऱ्या गोळ्या का देऊ नयेत? हा प्रश्न २४ देशांतल्या, संधिज्वराची झडप आणि थरकाप असलेल्या साडेचार हजार रुग्णांवरच्या चाचणीने तपासला. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. रुग्णांचे सरासरी वय पन्नास, दर दहांत सात स्त्रिया. म्हणजे ही खरोखर आपल्या रुग्णांची चाचणी होती. अपेक्षेच्या उलट, जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. नवी गोळी सोयीची असली तरी या आजारात ती जुनीची जागा घेऊ शकली नाही.

यावरून एकत्रित उपचाराचे नेमके मोल कळते. यांत्रिक झडप बसवली, तर ताल परत आला तरी गोळी सुटत नाही. तिथे रेषांचा लाभ म्हणजे धाप कमी होणे, कर्णिकेचा ढकला परत मिळणे आणि गोळी एखाद्या वेळी चुकली तर थोडा आधार. पण झडप बदलण्याऐवजी दुरुस्त करता आली, ताल परत आला आणि पिशवीही बंद झाली, तर काही महिन्यांच्या देखरेखीनंतर गोळी थांबवण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. आय. एन. आर.ची प्रयोगशाळा जिच्यापासून दिवसभराच्या वाटेवर आहे, तिला हा तिसरा पर्याय सर्वांत मोलाचा. म्हणजे जो उपचार शहरात सोयीचा वाटतो, तो डोंगरात अधिक गरजेचा ठरतो. संधिज्वराच्या झडपेची दुरुस्ती अवघड असते आणि प्रत्येकीत जमत नाही, हेही तितकेच खरे. पण 'दुरुस्ती होईल का' हा प्रश्न निदान विचारला गेला पाहिजे.

विचारण्यासारखे प्रश्न

हृदय उघडण्यासाठी इथला रुग्ण सहसा जिल्ह्याबाहेर जातो. सुरत-भुसावळ लोहमार्गाने पश्चिमेला सुरत, रस्त्याने धुळे-नाशिक, नाहीतर थेट मुंबई. राज्य शासनाची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, तेव्हा धुळे त्यांत होते, नंदुरबार नव्हते. पुढल्या वर्षी ती सर्वत्र पोहोचली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि झडपेची शस्त्रक्रिया तीत बसते. रेषांसाठीची एकदाच वापरायची साधने महाग असतात. ती मंजूर रकमेत धरली आहेत का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. नाडी अनियमित आहे का, किती काळापासून? कर्णिका किती मोठी? फुग्याने भागेल का? झडप दुरुस्त होईल की बदलावी लागेल? त्याच वेळी रेषा आणि पिशवीचे काम करणार का? पेसमेकर लागण्याची शक्यता किती? परतल्यावर रक्त कुठे तपासायचे? हे प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. आशाताई, शिक्षक किंवा घरातला शिकलेला मुलगा ते कागदावर लिहून नेऊ शकतो. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे घडणारे डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे जवळच देऊ लागतील, अशी आशा बाळगायला जागा आहे.

शेवटी पुन्हा जाळरेषेकडे. सगळ्यांत स्वस्त रेषा हृदयात आखावीच लागत नाही. घसा दुखून ताप आलेल्या मुलाला वेळेवर पेनिसिलीन मिळाले, तर संधिज्वर बहुधा टळतो. तो एकदा येऊन गेला असेल, तर दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे एक इंजेक्शन, वर्षानुवर्षे, न चुकता दिले तर झडपेला पुढचे चावे बसत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची जी तपासणी होते, तिच्या यादीत हा हृदयविकार आहे. आश्रमशाळेतल्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून एक मिनिट शांतपणे ऐकणे, आणि इंजेक्शनाच्या तारखेला ऊसतोडीवर गेलेल्या कुटुंबाचा माग काढणे, एवढे दोन गोष्टींवर पुष्कळ काही अवलंबून आहे. उणे साठ अंशांचा दांडा आणि पाच सेंटिमीटरचा छेद ही माणसाच्या बुद्धीची खरी कमाई आहे, आणि ज्यांची वेळ निघून गेली त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच पाहिजे. पण रान पेटण्याआधी पाला झाडून ठेवण्याची समज सातपुड्यातल्या माणसांना जुनी आहे. आरोग्यव्यवस्थेने ती त्यांच्याकडून घ्यावी.